सोनाकासारणीचा हात

"हात सैल सोड पोरी, मनगट माझं आहे असं समज," आत्याबाई म्हणाल्या, आणि खेडकरांच्या उज्ज्वलानं उजवा हात पुढं केला.

चैत्र संपत आला होता. खेडकरांच्या माजघरात पंधरा-वीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि वरचा पंखा नुसता आवाज करत होता. परवा लग्न, आज चुडा. मी आत्याबाईंच्या डाव्या अंगाला पेटी घेऊन बसले होते आणि दोन-सहाच्या मापाच्या हिरव्या बांगड्या एकेक करून त्यांच्या हातात देत होते. रासन्यांच्या घरात सून म्हणून आल्यापासून अकरा वर्षं माझं हेच काम. मी द्यायच्या, भरायच्या त्यांनी.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सोनाबाई रासने. सगळं शेवगाव त्यांना सोनाकासारीण म्हणायचं. बांगडी भरता भरता त्या मुलीला काहीतरी फालतू विचारायच्या. "सासरी नळ आहे का गं, का विहीर?" पोर उत्तर द्यायला तोंड उघडायची, तेवढ्यात बांगडी हाडावरून सरकून मनगटात गेलेली असायची. त्यांच्या हाताला गुण आहे म्हणायचे लोक. त्यांनी भरलेला चुडा वर्षभर टिकतो आणि संसार जन्मभर. संसाराचं मला माहीत नाही, त्यांनी चुडा भरलेल्या दोन-तीन पोरी वर्षाच्या आत माहेरी परत आलेल्या मी पाहिल्यात. पण चुडा टिकायचा, हे खरं.

त्या दिवशी मी पहिली बांगडी दिली. त्यांचा हात मांडीवर होता तोवर अगदी स्थिर होता. उज्ज्वलाच्या बोटांकडं निघाला तसा तो हलायला लागला, आणि जितका जवळ जाईल तितका जास्त हलला. बांगडी आधी अंगठ्याला लागली, मग बोटं चुकवून पलीकडं गेली. त्यांनी हात मागं घेतला. मांडीवर आल्याबरोबर पुन्हा स्थिर.

"सासरी किती माणसं गं?" त्यांनी विचारलं. जीभही जरा जड वाटली मला.

"सात," उज्ज्वला म्हणाली, आणि बांगडी तिच्या हातावर काडकन वाढली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.

"काच कच्ची निघाली," आत्याबाई म्हणाल्या. मी दुसरी दिली. तीही वाढली. तिसरी वाढली तेव्हा पोरीच्या अंगठ्याच्या मुळाशी काच घुसली आणि रक्ताचा ओघळ मनगटावर आला.

"चुड्याच्या पहिल्याच तीन?" नवरीची मावशी हळूच म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

नवरीची आजी शहाणी बाई. तिनं रक्तावर हळद दाबली आणि म्हणाली, "सोनाबाई, उन्हाचं आलात, दमलात तुम्ही. आज सुनेला भरू द्या की. तुमचाच हात आहे तोही."

आत्याबाईंनी बूड सरकवून मला जागा करून दिली. मी दोन्ही हातांचा चुडा भरला. एकही बांगडी वाढली नाही. शेवटी उज्ज्वलानं रिवाजाप्रमाणे नमस्कार केला, तो मला. आत्याबाई पेटीपाशी बसून बांगड्यांचे दोरे सोडत होत्या, आणि त्यांना ती गाठही सुटत नव्हती.

घरी येताना त्या पाय फाकवून चालत होत्या. वेशीपाशी माझ्या खांद्याला धरलं. "मालन, कुणाला सांगू नकोस," म्हणाल्या. आता काय सांगायचं राहिलं होतं? वीस बायकांनी पाहिलेलं.

आमच्या घराला गुपित नवं नव्हतं. आत्याबाईंना तरुणपणापासून आकडी यायची. मामंजी, आमचे हे आणि मी, याशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आकडी येणाऱ्या बाईला नवरीच्या हाताशी कोण बसवून घेणार? म्हणून औषध गावात घ्यायचं नाही, नगरच्या डॉक्टरांचं घ्यायचं. सकाळी एक गोळी, रात्री दोन. गोळ्या आणायचं काम माझं, द्यायचं कामही माझं. वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या आणि आकडी दोन-चार वर्षांतून एखादी.

चुड्याच्या त्या दिवसानंतर आठवड्यात त्या दोनदा पडल्या. एकदा मोरीत, एकदा चालता चालता, सपाट जमिनीवर. ह्यांनी नगरला दाखवलं. तिथून चिठ्ठी मिळाली पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याची, मेंदूच्या डॉक्टरांच्या नावानं. लग्नसराईत आमचं बांगड्यांचं दुकान बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून मीच त्यांना घेऊन गेले. पुण्यात माझा मावसभाऊ होता, तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून कामावर गेला.

डॉक्टर आगाशे म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आत्याबाईंना खुर्चीत बसवलं आणि स्वतःचं बोट हवेत धरलं.

"आजी, तुमचं बोट नाकाला लावा. आता माझ्या बोटाला. परत नाकाला."

आत्याबाईंनी बोट उचललं. नाकापाशी येईपर्यंत ते इतकं हलायला लागलं, की डोळ्यात जाईल म्हणून मी पुढं झाले. मग डॉक्टरांनी त्यांना तळहात मांडीवर उलटसुलट आपटायला लावले, जमलं नाही. फरशीच्या रेघेवरून टाचेला पाऊल लावत चालायला लावलं, दुसऱ्याच पावलाला तोल गेला. डोळ्यांसमोर पेन फिरवलं तेव्हा त्यांची बुबुळं बारीक बारीक उडत होती.

"काम काय करता, आजी?"

"बांगड्या भरते. कासार आहोत आम्ही." असं सांगताना त्या नेहमी ताठ बसायच्या. तिथंही बसल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याच्या मागं, मानेच्या जरा वर हात ठेवला. "इथं आत लहान मेंदू असतो. पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. बांगडी भरायची हे मोठा मेंदू ठरवतो. पण हात किती पुढं न्यायचा, कुठं थांबवायचा, किती जोर लावायचा, हे सगळं हा बघतो. चालताना तोलही हाच सांभाळतो. तुमच्या हातात ताकद आहे, आजी. हाताचं काही बिघडलेलं नाही. याचं बिघडलंय."

"मग याला औषध द्या," आत्याबाई म्हणाल्या. "ज्येष्ठापर्यंत सतरा चुडे आहेत माझ्याकडं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "घराण्यात कुणाला असं झालंय? आईला, भावाला?"

"कुणालाच नाही."

"मग दोन शक्यता आहेत." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आकडीच्या ज्या गोळ्या चालू आहेत, त्या जास्त झाल्या तर लहान मेंदूला बाधतात. तसं असेल तर गोळ्या कमी करायच्या, हात बराचसा परत येईल. गोळ्या ठरल्याप्रमाणेच जात असतील, तर मग हा मेंदूच झिजतोय, आणि त्याला माझ्याकडं काही नाही. तेव्हा नीट सांगा. रोज किती देता?"

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. डॉक्टर बघत होत्या.

मी चार देत होते. तीन वर्षांपूर्वी एका चुड्याच्या आदल्या दिवशी त्यांना अंगणात आकडी आली होती. हीच उद्या नवरीचा हात हातात असताना आली तर, या धास्तीनं दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक जादा गोळी कुटून त्यांच्या चहात घातली. साखर जास्त घातली. काही झालं नाही, चुडा नीट पार पडला. मग चुडा असला की चौथी गोळी. लग्नसराईत चुडे रोजचेच, तेव्हा गोळीही रोजची झाली, आणि लग्नसराई संपली तरी चालूच राहिली. त्यांना विचारलं नाही, ह्यांना सांगितलं नाही. मला वाटायचं, औषध तर आहे, विष थोडंच आहे.

"तीन," मी म्हणाले. "सकाळी एक, रात्री दोन."

"नक्की?"

"मीच देते ना."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "रक्त घेऊन ठेवते. तपासणी मुंबईला होते. पंधरा दिवसांनी या, तोवर तीनच चालू ठेवा."

मी खोटं का बोलले, याचं उत्तर बरीच वर्षं मी स्वतःला सोपं देत आले. घाबरले. सासूला विष घातलं म्हणून घराबाहेर काढतील असं वाटलं. तेही खरंच आहे. पण आता गुडघे दुखतात, दुकान लेकानं घेतलंय, माझ्यापाशी खोटं बोलायचं कारणही उरलेलं नाही, म्हणून सांगते. डॉक्टर "हात परत येईल" म्हणाल्या, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं उज्ज्वला आली, मला नमस्कार करणारी. अकरा वर्षं मी पेटी वाहिली होती. माझा हात चांगला होता, कदाचित त्यांच्यापेक्षा चांगला, आणि त्यांनी मला एका परकरातल्या पोरीला सोडलं तर कधी कुणाला बांगडी भरू दिली नव्हती. त्यांचा हात परत यावा असं मला वाटलं नाही. निदान त्या घटकेला नाही वाटलं.

पण मी कसाई नव्हते. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौथी गोळी बंद केली. म्हटलं, डॉक्टरांना कळलं काय, न कळलं काय, गोळ्या कमी झाल्या म्हणजे झालं. हात यायचा असेल तर येईल.

सतरा चुडे मी भरले. गावात बायका चेष्टा करायच्या, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे." मी हसून घ्यायची. पहिल्या दोन-तीन घरी आत्याबाई माझ्यासोबत आल्या, पेटीपाशी बसल्या, मग यायच्या बंद झाल्या. पंधरा दिवस झाल्यावर हे म्हणाले, पुण्याला जाऊन या. मी म्हटलं, एवढी लग्नसराई उरकू द्या, रोज तर एकेक घर आहे. खुद्द आत्याबाईच म्हणाल्या, "मालनचं बरोबर आहे. धंद्याचे दिवस आहेत." मला तेवढंच हवं होतं.

आणि त्यांचा हात काही सुधारेना. मी रोज सकाळी चहा देताना बघायची. कप घ्यायला हात पुढं यायचा आणि कपापाशी येऊन हेलकावे खायचा. महिन्याभरात बोलणंही अडखळायला लागलं, भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना. मला वाईट वाटायचं, पण त्याच्या तळाशी एक हायसंही वाटायचं. मी गोळी बंद केली तरी हे वाढतंय, म्हणजे गोळीचा दोष नव्हताच. मेंदूच झिजतोय. डॉक्टरांचीच दुसरी शक्यता. मी सुटले, असं मला वाटलं, आणि त्या महिन्यात मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

दीड महिन्यानं आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. आगाशेबाई चिडल्याच होत्या.

"पंधरा दिवसांनी या म्हटलं होतं." त्यांनी कागद पुढं ओढला. "रक्तात औषध भरपूर निघालंय. पाहिजे त्याच्या दुपटीवर. तीन गोळ्यांनी एवढं होत नाही. आजी, खरं सांगा आता."

आता सांगायचं, मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलंही असेल.

"मी घेते," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली.

"माझा भाऊ नेवाशाला असतो. त्याच्याकडून वेगळ्या मागवते." शब्द एकात एक अडकत होते, तरी त्या नेटानं बोलत होत्या. "चुड्याच्या दिवशी एक जादा घ्यायची. पोरीचा हात हातात असताना आकडी आली तर? रासन्यांच्या दारात परत कोण येईल? दोन वर्षं घेतेय. यंदा हात हलायला लागला, तेव्हा मला वाटलं आकडीच हातात उतरली. म्हणून मग रोज दोन जादा घ्यायला लागले. या पावसाळ्याच्या तोंडाला तर तीन."

"कुणाला विचारलंत?"

"कुणाला विचारू? ही ओरडली असती." त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या औषधाचं असंच असतं, आजी. थोडं वाढवलं की रक्तात एकदम चढतं. एक जादा आणि तीन जादा यांत फार फरक पडतो. लहान मेंदूतल्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. पहिल्या खेपेला इथं खरं सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी सगळं तोडलं असतं. तेव्हा हात वाचला असता." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही गोळ्या देता ना? एवढंही लक्ष नको?"

"तिला बोलू नका," आत्याबाई म्हणाल्या. "तिला यातलं काही ठाऊक नाही. गरीब आहे ती. खरं मी सांगायला पाहिजे होतं."

शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखी मान खाली घालून त्या बसल्या होत्या. पहिल्या खेपेला, त्याच खोलीत, मी "चार" म्हटलं असतं, तर त्यांनीही तिथंच "माझ्या आणखी दोन" म्हटलं असतं. हे मला तेव्हाच लख्ख कळलं. सांगायला वेळ होता, डॉक्टर समोर होत्या, दार बंद होतं. मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

गोळ्या कमी केल्या. डॉक्टरांचं बरोबर निघालं. पुढं नऊ वर्षं त्या जगल्या, चालणं जरा सुधारलं, बोलणं बऱ्यापैकी सुटं झालं, हात आला नाही. घास मी भरवायची. गावात माझं नाव झालं ते दोन्हींसाठी, चांगली कासारीण म्हणून आणि सासूचं करणारी सून म्हणून. दोन्ही ऐकून मी थकून जायची. अजूनही कुणी म्हणालं तर थकायला होतं.

पण ती नऊ वर्षं मला फारशी आठवत नाहीत. आठवते ती त्या दिवसाची परतीची एसटी. दुपारची गाडी, निम्मी रिकामी. आत्याबाई खिडकीशी होत्या, मी त्यांना दंडाला धरून. शिक्रापूर गेल्यावर त्या बोलल्या.

"मालन, तुझ्यापासून चोरून खाल्ल्या गं. दोन वर्षं. तू एवढी मोजून द्यायचीस आणि मी पदराआड... रागावलीस का?"

मी बाहेर बघत होते. उसाची शेतं, बंद गुऱ्हाळं. त्यांनी माझ्या हाताकडं त्यांचा हात आणला, तो मधेच भरकटला, मी तो धरला.

"बोल की. रागावलीस?"

"नाही आत्याबाई," मी म्हणाले. "माणूस आहे, चुकतं कधी कधी. मी नाही धरत मनात."

"मोठ्या मनाची आहेस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून नगर येईपर्यंत शांत झोपल्या.